घडणावळ कोण मोजणार?

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. धडगाव, मोलगीकडच्या वाटांवर जीपगाड्या टपापर्यंत माणसांनी भरलेल्या असतात आणि वर्षभराची मोठी खरेदी याच दिवसांत उरकली जाते. कपडे, गूळ, डाळ्या, हार-कंगन आणि अर्थातच चांदी. पावरा आणि भिल्ल घरांत चांदी हा दागिना असतो आणि बँकही. सराफ साखळी काट्यावर ठेवतो, वजन सांगतो, त्या दिवसाचा भाव सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘घडणावळ वेगळी.’ गिऱ्हाईक चांदीच्या भावावरून कुरकुर करील, घडणावळीतले चार पैसे कमी करायला लावील, पण घडणावळ मुळात कशासाठी, असं कुणी विचारत नाही. कारागिराच्या हाताला पैसे पडतात हे सगळ्यांना मान्यच असतं.

त्याच बाजारात चार पावलांवर बांबूच्या टोपल्या, सुपं, डालकी घेऊन एखादी बाई बसलेली असते. तिला कुणी विचारत नाही की यात बांबूचे किती आणि घडणावळीचे किती. तीही सांगत नाही. ती शंभर म्हणते, गिऱ्हाईक साठ म्हणतं, ऐंशीला सौदा पटतो. ऐंशी रुपयांत तिच्या हाताला काय पडलं, हे तिने कधी मोजलेलंच नसतं. हाताने केलेल्या वस्तूची किंमत ठरवण्याचा सगळा प्रश्न या न मोजण्यात आहे. बाकीचं गणित पाचवीतल्या मुलालाही येईल.

आता तिच्या कामाकडे जवळून पाहू. सातपुड्यात आणि नवापूरच्या बाजूला विणकामासाठी मानवेल बांबू वापरतात. नवापूर आणि त्याला लागून असलेल्या गुजरातच्या उच्छल-सोनगड भागातला कोतवालिया समाज पिढ्यान्‌पिढ्या यावरच जगत आला. खानदेशातल्या सपाटीवर हेच काम बुरूड करतात. बांबू आधी निवडावा लागतो. फार कोवळा आकसतो, फार जून तडकतो. तो तोडून, वाहून आणला की कोयत्याने उभा चिरायचा, दोनाचे चार, चाराचे आठ, मग सुरीने एकेक पट्टी सोलत तिचे पातळ थर सुटे करायचे. पेरापाशी सुरी अडखळते, तिथे हात कापतो. सालीकडचा थर चिवट, तो काठाला आणि ताण्याला. आतला गर हलका, तो भरणीला. पट्ट्या सारख्या रुंदीच्या करायच्या, तासायच्या, भिजवायच्या. शहरात पाठवायचा माल असेल तर भुंगा लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या. एवढं झाल्यावर विणकामाची पहिली गाठ पडते. बाईला विचारलं, ‘परडीला किती वेळ लागतो?’ तर ती म्हणते, ‘दोन तास.’ हे दोन तास फक्त विणण्याचे. चिरणं, सोलणं, तासणं यांचे दोन तास तिच्या हिशेबात नसतात, कारण ती कामं स्वयंपाकाच्या आधी, गुरं सोडल्यानंतर, मुलाला झोपवता झोपवता तुकड्यातुकड्यांनी होतात.

म्हणून पहिलं काम घड्याळाचं. एक परडी नव्हे, दहा परड्यांचा ढीग घ्यावा. बांबू चिरायला बसल्यापासून शेवटचा काठ बांधेपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजावा आणि दहाने भागावा. एका नगाचा वेळ कधी खरा येत नाही. माणूस मोजलं जातंय म्हटल्यावर भराभर हात चालवतो.

समजा, चार तास आले. आता तासाला किती? इथे बहुतेक जण अडतात आणि शेजारणीचा भाव विचारायला जातात. त्यापेक्षा एक सरकारी खुंटी हाताशी आहे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ या वर्षासाठी दिवसाला २९७ रुपये होती. माती खणायला, पाट्या वाहायला हा दर. याच्या खाली विणकाम करायचं तर घरी बसून परडी विणण्यापेक्षा बांधावर जाऊन माती उपसणं परवडलं. विणकाम हे कसबाचं काम. त्याला दिवसाला ४०० रुपये म्हणजे तासाला ५० धरले तर कुणी जास्त धरले असं म्हणू नये.

मग परडी घरात कितीला पडली? पुढचे आकडे समजुतीपुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. बांबूचे वीस रुपये, पॉलिश-बोरॅक्सचे पंधरा, चार तासांचे दोनशे. शिवाय हत्यारांची झीज, दहातला एक बिघडलेला नग, एसटीचं भाडं, पिशवी आणि फोन मिळून नगामागे पस्तीस. एकूण २७०. आता हीच परडी बाजारात १२० रुपयांना जात असेल तर बाई घरी येऊन म्हणते, ‘पन्नास रुपये सुटले.’ सुटले खरे. १२० मधून ७० चा खर्च गेला आणि पन्नास उरले. पण ते चार तासांचे आहेत. दिवसाचे झाले शंभर. रोजगार हमीच्या एक तृतीयांश. हा तोटाच, पण घरातल्या घरात होतो म्हणून दिसत नाही.

बांबू जंगलातून फुकट आणला म्हणून त्याचे पैसे धरायचे नाहीत, हीही एक सवय. वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, बांबू हे गौण वनोपज ठरलं आणि ग्रामसभांना त्यावर हक्क मिळाला. २०१७ मध्ये जंगलाबाहेरच्या बांबूला वन अधिनियमातल्या ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळलं गेलं. या दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण हक्काचा बांबूही डोंगरावरून पाठीवरच येतो आणि त्यात दिवस जातो. शिवाय उद्या मागणी वाढली, जवळचा बांबू संपला आणि तो विकत आणावा लागला तर फुकटच्या हिशेबावर बांधलेला भाव कोसळतो. म्हणून फुकटचा बांबूही विकतच्या दराने मांडावा.

आपल्या वस्तूला नेमका किती खर्च येतो हे न कळणं हा काही गरीब कारागिराचाच दोष नाही. इंग्लंडमधला चिनी मातीच्या भांड्यांचा विख्यात कारखानदार जोसाया वेजवुड याच्या भांड्यांवर राजेरजवाडे जेवत होते. १७७२ साली बाजारात पतपुरवठ्याचं संकट आलं, गोदामात माल साठला, तेव्हा कुठे त्याने एकेका भांड्याचा खर्च मांडायला घेतला. भट्टीचं भाडं, साचे, कारकुनांचे पगार हे खर्च भांडी कमी केली तरी तेवढेच राहतात हे त्याला त्या कागदांवर कळलं. आणि कारकुनांनी केलेली अफरातफरही त्याच झाडाझडतीत बाहेर आली.

आपल्याकडे मजुरीपासून भाव बांधायचा सगळ्यात मोठा प्रयोग खादीत झाला. चरखा संघ गावोगावच्या बायकांकडून सूत विकत घेई, पण दर इतका कमी की दिवसभर कातून पोट भरत नसे. खादी स्वस्त हवी, कारण गिरणीच्या कापडाशी स्पर्धा, हा त्यामागचा युक्तिवाद. १९३५ मध्ये गांधीजींनी तो उलटा केला: कातणारीला जगण्यापुरती मजुरी आधी द्या, खादीची किंमत त्यावरून काय होईल ती होवो. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संघाने लावलेले दर त्याहून बरेच खाली राहिले. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी स्वतः रोज तासन्‌तास कातून त्या कमाईत जगता येतं का हे करून पाहिलं. खादी महागली, काही गिऱ्हाईकं तुटली, भांडारवाल्यांनी तक्रारी केल्या. पण प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचा हे त्या वर्षी ठरलं. आज हस्तकलेच्या दुकानात ‘मार्केटला काय परवडेल’ इथून सुरुवात करणाऱ्या सल्लागारांना मी तरी आधी १९३५ वाचायला सांगेन.

अर्थात मजुरीपासून वर चढत गेलं की प्रत्येक वस्तू विकली जाईलच असं नाही. गावातल्या सुपाचं काय? सुपाला प्लॅस्टिक आणि पत्रा हे प्रतिस्पर्धी आहेत. शिवाय गावात टोपली कित्येकदा पैशात विकलीच जात नसे. धान्याच्या मापात तिचा मोबदला मिळे, आणि तो देणारा-घेणारा वर्षानुवर्षांचे ओळखीचे. तो भाव नात्याचा. तो शहरातल्या दुकानात नेऊन लावता येत नाही आणि शहरातला भाव गावात सांगितला तर सोयरीक तुटेल. यावर तोडगा एकच दिसतो: गावासाठीचा माल आणि शहरासाठीचा माल वेगळा ठेवावा. त्याच सुपाला रंग लावून चौपट किंमत सांगू नये. वस्तूच दुसरी करावी. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांच्या पुढाकाराने, बांबूच्या राख्या केल्या. राखीला बांबू नखाएवढा लागतो, टपालाने जाते, मोडत नाही आणि किमतीत जवळजवळ सगळा वाटा हाताचा असतो. डालकी एसटीच्या टपावर अख्खी जागा अडवते. राख्या शेकड्याने एका खोक्यात मावतात. राखीचा धोका दुसरीकडे आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाला कुणी विचारत नाही, आणि ते पैसे वर्षभर अडकतात. हंगामी मालाच्या भावात न खपलेल्या नगांचाही खर्च धरावा लागतो.

आता दुकानाकडे येऊ. २७० ला पडलेली परडी ३०० ला ठोक विकायची असं ठरवलं. वरचे तीस रुपये ही मजुरी नव्हे. पावसाळ्यात बुरशी लागून माल वाया गेला, चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला, नवा नमुना करून पाहायचा झाला, तर त्यासाठीची ही गंगाजळी. पुण्यातला दुकानदार ही परडी सहाशेला लावतो आणि बाई हे ऐकून म्हणते, ‘आमच्या जिवावर तिप्पट-चौपट खातात.’ हे बरोबर नाही. दुकानाला भाडं, वीज, नोकर, कर, फुटतूट आहे, आणि आणलेल्या दहापैकी दोन परड्या वर्षभर धूळ खात बसणार आहेत. हस्तकलेच्या दुकानात खरेदीच्या दुप्पट किंमत लावणं सर्रास चालतं, आणि त्यात लूट नसते. वस्तूच्या भावात दुकानदाराची जागा आधीपासून ठेवली नसेल तर मात्र ती कारागिराच्या मजुरीतून निघते.

खरी फसगत टक्क्यांत होते. दुकानदार म्हणतो, ‘पन्नास टक्के आमचे.’ कशावर पन्नास? ३०० च्या खरेदीवर पन्नास टक्के चढवले तर किंमत होते ४५०. पण छापील किमतीतले पन्नास टक्के म्हटलं तर ३०० मिळण्यासाठी छापील किंमत ६०० लागते. बाईच्या डोक्यात पहिला हिशेब असतो, ती ४५० ची चिठ्ठी लावून पाठवते. दुकान दुसऱ्या हिशेबाने निम्मे कापून तिला २२५ देतं. घरातच २७० ला पडलेल्या परडीवर नगामागे ४५ रुपयांचं नुकसान, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोललेलं नाही! म्हणून टक्क्यांची भाषा सोडून रुपयांत बोलावं: ‘मला नगाला ३०० हवेत, तुम्ही कितीला विका ते सांगा.’

तसंच जाकडाचं. जाकडावर माल म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. नव्या कारागिराला दुकानात शिरकाव मिळायला ही वाट सोपी वाटते, पण यात भांडवल कारागिराचं आणि दुकानदाराच्या खिशाला काहीच तोशीस नाही, त्यामुळे माल मागच्या फडताळात जातो. जाकडावर द्यायचंच तर थोडे नग, ठरावीक मुदत आणि रोखीपेक्षा चढा दर. उधारीवर दिलं तर कायदा बाजूने आहे, हे फार जणांना माहीत नसतं. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. बचतगटाने बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापली तर अर्धी वसुली तिथेच होते.

कराचं थोडक्यात. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल विकला की नोंदणी सक्तीची, असा सामान्य नियम आहे आणि नंदुरबारला तो फार जवळून लागतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर चार पावलं टाकली की राज्य बदलतं, आणि इथल्या मालाला सुरत मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. सुदैवाने यादीतल्या हस्तकला वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत या सक्तीतून सूट आहे. ती यादी एकदा हिशेबनिसाकडून बघून घ्यावी आणि मगच सुरतेच्या दुकानाला भाव द्यावा.

मग प्रदर्शन. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बचतगटांना थेट गिऱ्हाईक भेटतं आणि पहिला मोह होतो तो असा की मधला दुकानदार नाही, तर ३५० ला देऊन टाकू. यात दोन चुका आहेत. ज्या दुकानात हीच परडी सहाशेला आहे त्याचं गिऱ्हाईक प्रदर्शनातही फिरतं. दुकानदाराच्या कानावर ही गोष्ट आठवड्यात जाते आणि पुढची ऑर्डर येत नाही. दुसरी चूक हिशेबाची. दोन बाया जाण्या-येण्यासकट बारा दिवस घरापासून दूर, दिवसाला चारशे धरले तरी ९,६०० रुपये. प्रवास, मालाचं भाडं, खाणंपिणं पाच हजार. शंभर परड्या खपल्या तर नगामागे १४६ रुपये विकण्यावरच खर्च झाले. त्या बारा दिवसांत त्या दोघी दुकानदारच होत्या, मग दुकानदाराचा वाटा त्यांनी का सोडावा? किरकोळ भाव सगळीकडे एक ठेवावा, प्रदर्शनात फार तर पाच-दहा टक्के उतरावं. घासाघीस करणारं गिऱ्हाईक आलंच तर भाव पाडण्यापेक्षा जोडीला छोटी वस्तू द्यावी; भाव एकदा पडला की परत चढत नाही. ५९९ वगैरे आकडे लावू नयेत असं माझं मत. ते मॉलच्या कपड्यांना शोभतात. हाताच्या वस्तूवर ते दिसले की ती कारखान्यात छापल्यासारखी वाटते.

हेच सगळं खाण्याच्या मालाला थोड्या फरकाने लागू होतं. धडगाव-मोलगीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात घरोघर कैऱ्या सोलून, फोडी करून खाटांवर, कातळांवर वाळत घालतात. त्याचं आमचूर होतं. व्यापारी रंग बघून भाव करतो: पांढरंशुभ्र असेल तर चढा, काळपटलं असेल तर पडेल. एक अवकाळी सर आली की आठवड्याची मेहनत काळी पडते, आणि तो धोका पूर्णपणे सोलणाऱ्या घराचा. गटाने तेच दळून पाकिटात भरलं तर किलोमागे भाव वाढतो खरा, पण दळणं, निवडणं, पाकीट, खाद्य परवाना, पाकिटावर छापावं लागणारं वजन, तारीख, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत हे सगळं सोबत येतं. कमाल किंमत एकदा छापली की तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, म्हणून दुकानदाराचा वाटा तीत मावतो का हे पाकीट छापण्यापूर्वीच पाहावं. हजार पाकिटं छापून झाल्यावर ते कळून उपयोग नसतो.

राहता राहिली मोठी ऑर्डर. पुण्याहून फोन येतो, ‘दोनशे परड्या हव्यात, पण २२० ला द्या.’ आनंदाने हो म्हणण्याआधी एकच बघायचं: दोनशे नग एकदम केल्याने आपलं खरोखर काय वाचतं? बांबू एकदम चिरला तर नगामागे अर्धा तास वाचेल, म्हणजे पंचवीस रुपये. माल एका फेरीत गेला तर दहा. एवढे पस्तीस रुपये सोडायला हरकत नाही. ३०० चे २६५ झाले, घरातली किंमत २७० वरून २३५ वर आली आणि गंगाजळीचे तीस जागेवर राहिले. २२० ला मात्र आपल्याच मजुरीतून दुकानाला सूट दिल्यासारखं होतं. त्याऐवजी २२० त बसेल अशी लहान परडी दाखवावी, आणि मोठीचा भाव तोच ठेवावा.

मुदतही भावातच येते. साडेतीन तासांच्या दोनशे परड्या म्हणजे सातशे तास. पाच बाया पाणी, शेत, चूल सांभाळून दिवसाला पाच तास बसू शकल्या तर २८ दिवस. ऑर्डर गुढीपाडव्यासाठी असेल आणि फोन फेब्रुवारीत आला असेल तर मध्ये भोंगऱ्या आहे, काठी गावची राजवाडी होळी आहे, गावोगावच्या होळ्या आहेत. पाडवा होळीनंतर पंधरवड्यावर. त्या दिवसांत सातपुड्यात कुणी सुरीला हात लावणार नाही, आणि लावावा असं म्हणणाऱ्या दुकानदाराला हा भाग माहीत नाही. तेव्हा निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, शंभर नग होळीआधी आणि शंभर पाडव्यानंतर देऊ असं कागदावर लिहावं, आणि दोनशेच्या दोनशे पाडव्याआधीच हवे असतील तर शेजारच्या पाड्यावरच्या आणखी पाच जणींना त्याच चारशेच्या रोजाने सोबत घ्यावं.